मोहाखाली रोप का टिकत नाही? कोरची तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, छत्तीसगडच्या हद्दीला लागून कोरची तालुका आहे. त्यातल्या एका गावाचं हे प्रकरण. गोंड आणि कंवर कुटुंबांची वस्ती, उताराला धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), गावाच्या वरच्या अंगाला एक जुनी बोडी, म्हणजे लहान तळं, आणि तिच्यापलीकडे सामूहिक वनहक्कात मिळालेलं जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याचं नाव आहे. पुढे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना हा हक्क मिळत गेला. हक्क आला की जंगल सांभाळायची जबाबदारीही ग्रामसभेवर येते आणि त्यासाठी व्यवस्थापन आराखडा लिहावा लागतो. या गावाचा आराखडा लिहिताना मी सोबत होतो.

कोणत्या जातीची झाडं किती, कुठं दाट, कुठं विरळ, असं लिहून घेणं चाललं होतं. तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मोठ्या झाडायचं लिहून रायले तुम्ही, पन मोहाखाली रोपटं दिसते का कुठं? माझ्या सासूनं वेचला तोच मोह मी वेचतो, माझी सून पन तोच वेचते. नवा मोह कुठी हाये?" सभेत बराच वेळ कोणी उत्तर दिलं नाही. मग दुसरी तक्रार पुढे आली: टेकडीकडच्या कित्येक मोहांचे शेंडे वाळलेत, वरच्या फांद्यांना पान धरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलल्या गेल्या आणि दोन्हींचं कारणही एकच ठरलं. ऊन वाढलं, पाऊस बिघडला, जंगल चाललं.

ऊन वाढलं हे खरं आहे आणि पाऊस बिघडला हेही खरं. तरी रानात हिंडून पाहिल्यावर माझं मत असं झालं की ही दोन वेगळी दुखणी आहेत. म्हातारं झाड एका कारणानं मरतं आणि रोप दुसऱ्या कारणानं. दोन्हींत बदलत्या हवामानाचा हात आहे, पण तो वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या वाटेनं पोचतो. हे वेगळं केल्याशिवाय गावानं नेमकं काय करायचं ते ठरत नव्हतं.

जागा आणि झाडं

जंगलात जमीन दोन तऱ्हेची. टेकडीच्या अंगावर बरड आहे, म्हणजे वर थोडा मुरूम आणि खाली खडक. नाल्याकाठी आणि बांध्यांच्या बाजूला खोल, ओल धरणारी माती. बरडावर साग, धावडा, तेंदू, लेंडिया, मधूनच सालई. खोलगटात ऐन, बीजा, अर्जुन, जांभूळ. मोह मात्र दोन्हीकडे आहे आणि बांध्यांच्या धुऱ्यांवरही, म्हणजे बांधांवरही, आहे. धुऱ्यावरचा मोह कोणाचा हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. जंगलातल्या मोहांनाही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे.

या भागात पाऊस कमी नाही. जिल्ह्याची वार्षिक सरासरी १,३०० मिलिमीटरच्या पुढे आहे, अकोल्याच्या दीडपटीहून जास्त. पण त्यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने झाडाला मातीत मुरलेल्या पाण्यावरच काढावे लागतात. इथली झाडं उन्हाळ्यात पानं टाकतात ती यासाठीच. साग उन्हाळाभर बहुतेक उघडा राहतो आणि पाऊस येईपर्यंत फारशी घाई करत नाही. मोहाचं तसं नाही. त्याची जुनी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात, मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात आणि त्याच सुमारास तांबूस कोवळी पालवी फुटते. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या, सगळ्यात तापलेल्या दिवसांत मोहाला अख्खा घेर नव्या पानांनी भरायचा असतो. ते पाणी येतं खोल गेलेल्या मुळांकडून, मागच्या पावसाळ्यात खाली मुरलेल्या ओलीतून.

वाळलेल्या शेंड्यांचं कारण शोधताना ही एक गोष्ट धरून ठेवावी लागते. मोहाचा मे महिना आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरवर अवलंबून असतो.

हवेची तहान

चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा दर उन्हाळ्यात बातमीत असतो. तिथं ४६-४७ अंश आता नवल राहिलेलं नाही. कोरचीकडे जंगल आणि उंची आहे, म्हणून ऊन थोडं सौम्य. तरी मे महिन्यात चाळिशीच्या बरंच वर जातंच. झाडाच्या दृष्टीनं पाऱ्याचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते, आणि ही वाढ सरळ रेषेत होत नाही. ४० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की ती सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. हवेतली ओल तेवढीच राहिली तर वाढलेली सगळी तहान पानांतून आणि मातीतून भागवली जाते. अशा उन्हात टाकलेलं ओलं धोतर बघता बघता खडखडीत होतं, कोवळ्या पानाचंही तसंच होत असतं, फक्त त्याला खालून पाणी येत राहतं.

ते पाणी खोडातल्या केसासारख्या बारीक नळ्यांतून वर ओढलं जातं. पान जितकं पाणी टाकतं तितका नळीतल्या पाण्यावर ताण येतो. मुळाशी ओल कमी आणि वर हवा तहानलेली अशी दोन्हीकडून ओढ लागली की ताण एका मर्यादेपलीकडे जातो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची धार तुटते. ती नळी त्या हंगामापुरती तरी निकामी होते. पुरेशा नळ्या गेल्या की फांदी वाळते. झाड हे टाळायला पानांवरची छिद्रं मिटून घेतं. मग हवेतून कर्बवायू आत येत नाही, अन्न तयार होत नाही आणि साठवलेल्या पिठूळावर (स्टार्चवर) दिवस काढावे लागतात. तहान आणि भूक यांतली कोणती आधी मारते यावर अभ्यासकांत पुष्कळ चर्चा झाली आहे. रानात दोन्ही हातात हात घालूनच येतात.

२०१२ मध्ये एक जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरच्या २२६ जातींच्या झाडांची त्यात तुलना होती. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जाती आपल्या पाणी वाहण्याच्या मर्यादेच्या अगदी कडेला जगत असल्याचं त्यात दिसलं. पावसाळी जंगलातली असोत की कोरड्या जंगलातली, बहुतेक झाडांकडे शिल्लक फार थोडी असते. आपलं पानझडी जंगल उन्हाला सरावलेलं आहे, त्याला काय होणार, असं अनेकदा ऐकू येतं. सरावलेलं आहे ते आजवरच्या उन्हाला. त्यापलीकडची शिल्लक त्यानं कधी बाळगलेली नाही.

शेंडा आधी का वाळतो तेही यातूनच कळतं. सगळ्यात वरच्या फांदीपर्यंत पाणी सगळ्यात लांबचा प्रवास करून पोचतं आणि ताण तिथंच सगळ्यात जास्त असतो. झाड वरून मरत येतं. आणि लगेच मरत नाही. एका वाईट पावसाळ्याचा मार दोन-तीन वर्षांनी दिसतो. दुबळ्या झालेल्या खोडात पोखरणारे किडे शिरतात, बुरशी येते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला-डिंडोरीकडे सालाच्या जंगलात खोडकिड्यानं प्रचंड नासाडी केली होती. कीड दिसते म्हणून दोष किडीवर जातो, पण आधी आलेला अशक्तपणा कोणी मोजलेला नसतो.

टेकडी, नाला, धुरा

सगळा दोष हवामानावर टाकणं सोपं असतं, म्हणून आम्ही एकाच गावातले मोह तीन ठिकाणी पाहिले: टेकडीच्या बरडावरचे, नाल्याकाठचे आणि बांध्यांच्या धुऱ्यावरचे. ऊन तिन्हींना तेवढंच, पाऊसही तेवढाच.

वाळलेले शेंडे जवळजवळ सगळे बरडावर होते. नाल्याकाठचे मोह वरपर्यंत भरलेले. धुऱ्यावरचे त्याहून चांगले, कारण धानासाठी बांधीत साठवलेलं पाणी महिनोन्‌महिने मुळाशी मुरत राहतं. फरक पडत होता तो मातीच्या खोलीनं आणि पाणी मुरण्यानं. बोडीच्या खालच्या अंगाचे मोहही एके काळी असेच भरलेले होते, असं जुनी माणसं सांगतात. आता बोडी गाळानं भरली आहे, दिवाळीनंतर तिच्यात पाणी राहत नाही आणि त्या रांगेतले काही शेंडे वाळायला लागलेत. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलाव हजारांनी आहेत आणि बोड्यांची गणती वेगळीच. त्यांचा हिशेब सिंचनाच्या एकरांत होतो. त्यांच्या पाझरावर किती झाडं उभी आहेत हा हिशेब कोणत्याच कागदावर नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

आता पावसाकडे येऊ. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये देशाच्या हवामानबदलाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. १९५१ ते २०१५ दरम्यान जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पावसाळ्यातले कोरडे खंड १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ या काळात २७ टक्क्यांनी जास्त वेळा आले. त्याच वेळी, २०१७ च्या एका अभ्यासानुसार, मध्य भारतात मोठ्या भागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाल्या. पडतो तेव्हा कोसळतो आणि थांबतो तेव्हा थांबूनच राहतो. बरडावर एका दिवसात कोसळलेला पाऊस नाल्याला पूर आणतो, मुरतो फार थोडा. वर्षाच्या बेरजेत तो पूर्ण दिसतो आणि झाडाच्या मुळाशी तो पोचलेलाच नसतो.

गावानं हे नक्षत्रांच्या भाषेत सांगितलं. मृग बरसला तरी आर्द्रा हुलकावणी देतो, आश्लेषा-मघा कोरडी जाते, हस्ताचा भरवसा नाही. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी होता. गावाला तो महिना धानाच्या रोवण्यामुळे लक्षात आहे. त्या महिन्यात टेकडीखाली किती ओल मुरली नाही, हे मोहाच्या शेंड्यावर पुढच्या काही वर्षांत दिसत राहील.

आणखी एक कारण जागेवरच सापडलं आणि ते हवामानाच्या खात्यात टाकता येत नाही. कित्येक वाळत्या मोहांवर बांडगूळ माजलेलं होतं. बांडगूळ आपली मुळं फांदीत घुसवून झाडाचंच पाणी पितं, आणि झाड पानांची छिद्रं मिटून पाणी वाचवत असतं तेव्हाही बांडगूळ सढळ हातानं पाणी उडवत राहतं. चांगल्या वर्षात झाड हे सोसतं. कोरड्या वर्षात तेवढा भार पुरेसा ठरतो. याला उपाय सरळ आहे: पावसाळ्यापूर्वी बांडगुळाची फांदी थोडी खालून छाटून टाकायची. झाडावर चढणारी पोरं गावात आहेत, कुऱ्हाड आहे, खर्च काही नाही. आराखड्यातलं पहिलं काम म्हणून तेच लिहिलं गेलं.

रोपाची कथा निराळी

धुऱ्यावरचे मोह सगळ्यात सुदृढ, पण त्यांच्याखाली एकही रोप नाही. तिथं नांगर चालतो, गुरं बसतात. त्याचं नवल नव्हतं. जंगलातही रोप नव्हतं, आणि जिथं मोठी झाडं ठणठणीत होती त्या नाल्याकाठीसुद्धा बऱ्याच ठिकाणी नव्हतं. म्हणजे रोप नसण्याचा शेंडा वाळण्याशी थेट संबंध लागत नाही.

मोहाच्या बीला इकडं टोरी म्हणतात. फळ मे अखेरपासून पिकून पडू लागतं आणि पावसाच्या तोंडाशी टोरी जमिनीवर असते. सागाच्या फळाचं कवच टणक असतं, ते मातीत वर्ष-दोन वर्षं पडून राहतं आणि सोयीचा पाऊस बघून रुजतं. टोरीला ती सवलत नाही. तिच्यात पाणी आणि तेल भरलेलं असतं, ती वाळली की मेली. पडल्यापासून काही आठवड्यांत तिची रुजण्याची ताकद संपते. मोहानं आपलं सगळं गणित मृगाच्या पावसावर बसवलेलं आहे: फळ पडायचं, पाऊस यायचा, आठवड्याभरात मोड जमिनीत घुसायचा.

हे गणित मोडायच्या दोन वाटा आहेत. पाऊस लांबला तर टोरी पडल्या जागी वाळते. त्याहून वाईट दुसरी. मृगात दोन-तीन चांगल्या सरी येतात, टोरीला मोड येतो, आणि मग पंधरा दिवस आभाळ उघडं पडतं. मोड फुटलेल्या बीला मागं फिरता येत नाही. बोटभर मुळी वरच्या थरात असते आणि तोच थर आधी वाळतो. शेतकऱ्याला दुबार पेरणी करता येते, कितीही जड गेली तरी. मोहाला त्या वर्षी दुसरं बी नसतं.

तेंदू आणि साग इथं वेगळे पडतात. त्यांची रोपं दर उन्हाळ्यात वरून जळतात किंवा वाळतात, पण जमिनीखालची मुळी जिवंत राहते आणि पावसात पुन्हा फुटते. अशी कित्येक वर्षं मुळी जाड होत जाते आणि एखाद्या बऱ्या वर्षी खोड वर निसटतं. तेंदू तर मुळांतूनही नवे धुमारे काढतो. हवामान जसजसं लहरी होईल तसतशी अशा झाडांची बाजू वरचढ होत जाईल आणि मोह, चार (चारोळीचं झाड) यांसारख्या नाजूक बियांच्या झाडांची पडती. मोकळ्या जागेत रायमुनिया (घाणेरी) आणि रानतुळस शिरलेली दिसतेच. जंगल हिरवं राहील, उपग्रहाच्या नकाशावर घनता तीच दिसेल, आणि त्यातून खाण्याजोगं फूल, तेल, चारोळी कमी होत जाईल. मोठा मोह शंभरी गाठतो म्हणून हे नुकसान आज डोळ्यांना दिसत नाही. आजींना ते दिसलं, कारण त्यांनी तीन पिढ्या त्याच झाडाखाली मोजल्या.

आता आगीबद्दल. मोहफूल पहाटे पडतं आणि पाल्यात हरवतं, म्हणून वेचणीआधी झाडाखालचा पाला जाळायची रीत आहे. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. या आगीत आदल्या वर्षीचं मोहाचं रोप हमखास जातं. मुळी एका वर्षात पुरेशी पोसलेली नसते, त्यामुळे बहुतेक पुन्हा फुटत नाही. रीत जुनीच आहे, मग आताच नुकसान जास्त का? गावातल्या माणसांचं म्हणणं असं की पूर्वी लावलेली आग झाडाखालीच विझायची, आता ती टेकडी चढते. मार्च २०२२ चं सरासरी कमाल तापमान देशात तोवर नोंदलेल्या सगळ्या मार्च महिन्यांत जास्त होतं. फेब्रुवारी २०२३ च्या कमाल तापमानानंही तसाच उच्चांक केला. पाला महिनाभर आधी खडखडीत वाळतो, दंवाची ओल उरत नाही, तेवढीच काडी आता कितीतरी लांब जाते. आणि जळलेली काळी जमीन नंतर अधिक तापते. उघड्या जमिनीचा वरचा थर मे महिन्यात ६० अंशांच्या आसपास जातो. पाल्याखालच्या जमिनीला तो चटका बसत नाही. टोरी कुठं पडते, काळ्या राखेवर की पाल्यावर, यावर बरंच ठरतं.

आणि पाल्यावर पडली तरी माणूस ती उचलतोच. टोरीचं तेल घरात लागतं, उरलेली टोरी विकली जाते. यात लोकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. हातात पैसा नसलेल्या महिन्यांत मोह आणि टोरी हीच मजुरी असते. पण टोरी वेचली, उरलेली वाळली, रुजलेली जळली आणि वाचलेली शेळीनं खाल्ली, तर रोप कुठून येणार? यात हवामानाचा वाटा किती आणि माणसाचा किती, असा टक्केवारीचा प्रश्न मला निरर्थक वाटतो. पूर्वी हे सगळे मार एकत्र असूनही पाऊस वेळेवर असला की काही रोपं निसटायची. आता ती फट बुजत चालली आहे.

हवेतला कर्बवायू वाढल्यानं झाडं जोमात वाढतील, असंही काही जण म्हणतात. औद्योगिक काळापूर्वी तो दशलक्षात २८० भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे, आणि भरपूर कर्बवायूत झाड थोड्या पाण्यात जास्त अन्न करतं हे खरं आहे. पण मुळी वरच्या थरात असलेल्या मोडाला त्याचा काय उपयोग?

गावानं काय केलं

ग्रामसभेनं रोपवाटिका काढून हजारो रोपं लावायची योजना आधी चर्चेला घेतली. त्याला माझा विरोध होता आणि काही जाणत्या माणसांचाही. मोहाची मुळी पहिल्या पावसाळ्यातच सरळ खोल जाते. पिशवीत ती गुंडाळली जाते आणि असं रोप बरडावर पहिल्याच उन्हाळ्यात हार खातं. शिवाय लागवड म्हटलं की आजूबाजूला बहुतेक ठिकाणी सागच लागतो. शेवटी ठरलं ते असं: नाल्याकाठचा एक पट्टा आणि बरडाच्या पायथ्याचा एक तुकडा निवडायचा, तिथं पाला जाळायचा नाही, मोहफुलासाठी जुनी लुगडी आणि शेडनेटची जाळी अंथरायची. जाळीवर फूल स्वच्छ पडतं, माती लागत नाही, त्यामुळे बायकांनी हे लवकर उचललं. झाडणं वाचलं तो फायदा वेगळाच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, हे उदाहरण सभेत निघालं. इथं तेवढं पाऊल कोणाला परवडणारं नव्हतं. तेंदूच्या पैशावर पोरांच्या शाळेचा खर्च निघतो.

टोरीचं काम जरा बारकाईचं होतं. चांगल्या झाडांची ताजी टोरी निवडून सावलीत, ओलसर रेतीत, पोत्याखाली ठेवली. हेतू एवढाच की तिच्यातली ओल टिकावी आणि पेरणीची वेळ आपल्या हातात राहावी. थोडी टोरी मृगाच्या पहिल्या पावसात टोचली. बाकीची पाऊस लागून राहतोय अशी खात्री पटल्यावर, आर्द्रा अर्धी झाल्यावर. खड्ड्यात पालापाचोळा, वर बोरीच्या काट्यांचं कुंपण. बरडावर उताराला आडवे उथळ चर काढले, खालच्या बाजूला टोरी टोचली.

मृगात टोचलेली टोरी बरडावर झपाट्यानं रुजली आणि पुढच्या उघडिपीत बहुतेक गेली. नाल्याकाठच्या पाल्याखालची त्यातून बरीच तगली. आर्द्रेत टोचलेली दोन्हीकडे उशिरा आली, पण टिकली जास्त. रेतीत ठेवलेली काही टोरी रेतीतच मोडावली आणि ती टोचताना मुळी मोडली. तेवढं नुकसान झालं. काट्याचं कुंपण जिथं ढिलं होतं तिथं शेळ्या पोचल्या. एका गावातल्या एका पावसाळ्याचं हे निरीक्षण आहे, यावरून जिल्ह्याला लागू होणारा नियम काढायची घाई मी करणार नाही. पण पेरणीची वेळ पंधरा दिवसांनी पुढं ढकलणं आणि जमिनीवर पाला राहू देणं, या दोन फुकटच्या गोष्टींनी फरक पडतो असं आता गावातले लोकच एकमेकांना सांगतात.

एक गोष्ट आराखड्यात उशिरा शिरली, ती वटवाघळांची. मोहाची गोड फुलं आणि फळं खायला वाघळं येतात आणि टोरी मूळ झाडापासून दूर नेऊन टाकतात. नाल्याच्या पलीकडे, जिथं कोणी वेचायला जात नाही, तिथं दोन-चार निसर्गतःच आलेली मोहाची पोरसवदा झाडं सापडली ती बहुधा त्यांनीच नेलेल्या बियांची. वाघळं बसतात ते जुने अर्जुन तोडायचे नाहीत, असा ठराव झाला. काही जणांना हा ठराव फाजील वाटला, तो बहुमतानं झाला.

जे अजून सुटलेलं नाही

रोपांना पहिला उन्हाळा अजून जायचा आहे. उन्हाळ्यात कोणती मुळी जिवंत आहे हे वरून कळणार नाही, वाळलेली काडी दिसेल. म्हणून प्रत्येक खड्ड्याला खुंटी आहे आणि मोजणी दोनदा होणार: एकदा चैत्रात, एकदा पाऊस लागल्यावर. चैत्रात मेलेलं धरलेलं रोप आषाढात फुटलं तर त्याची वेगळी नोंद करायची. मोहाचं रोप तेंदूसारखं पुन्हा फुटू शकतं का आणि किती वयानंतर, हे गावाला स्वतःच्या मातीत पाहायचं आहे.

बोडीचा गाळ काढायचा ठराव मंजूर आहे, रोजगार हमीतून काम काढायचा अर्ज गेला आहे. गाळ बांध्यांत टाकायला शेतकरी तयार आहेत.

अवघड आहे तो टोरीचा हिशेब. राखलेल्या पट्ट्यातल्या मोहांवर ज्या कुटुंबांची वहिवाट आहे त्यांनी टोरी सोडायची, म्हणजे वर्षाचं तेल सोडायचं. तेंदूच्या बोनसमधून त्यांना भरपाई द्यावी असं एका बाजूचं म्हणणं आहे. दुसरी बाजू म्हणते की मग धुऱ्यावर नवा मोह राखणाऱ्यालाही द्या, त्याची सावली धानावर पडून उतारा घटतो. या दुसऱ्या मागणीच्या बाजूनं मी बोललो, कारण ओल सगळ्यात जास्त धुऱ्यावर आहे आणि पुढच्या पन्नास वर्षांचा मोह बरडापेक्षा तिथं उभा राहण्याची शक्यता जास्त आहे. रक्कम किती, आणि रोप किती वर्षांचं झाल्यावर द्यायची, यावर दोन बैठका अडल्या. पुढची बैठक मोहफूल वेचून झाल्यावर आहे आणि तिला फक्त बायका बसणार, असं आजींनीच ठरवून टाकलं.